बोधीची आळवणी

माझं तोंड वाईट आहे, हे मला कुणी सांगायला नको. सासू सांगते, नवरा सांगतो, ज्या बंगल्यांच्या बागा मी बघते तिथले माळीसुद्धा पाठीमागे सांगतात. पण तोंडानं केलेलं एक वेळ निस्तरता येतं. रागात बोलून गेले म्हणायचं, कान धरायचे, सुटायचं. मी केलं ते लिहून केलं. तेही ऑइलपेंटनं, सुवाच्य अक्षरात, विहाराच्या अंगणात, सगळ्यांना दिसेल असं.

मी जयमाला. शेतकीची पदविका घेतली आणि नोकरीची वाट बघून कंटाळा आल्यावर मांडवा-किहीम पट्ट्यातल्या बंगल्यांच्या बागा बघायला लागले. मुंबईची माणसं शनिवारी बोटीनं येतात, दोन दिवस झाडांकडे बघून खूश होतात आणि सोमवारी ती झाडं परत माझ्या गळ्यात. कुठल्या कुंडीत बुरशी धरली, कुठल्या पामला पाणी जास्त झालंय, मी गेटातून ओळखते. आणि माझ्याच वाडीत, थळच्या रस्त्याला लागून असलेल्या आमच्या बौद्धवाडीत, विहारासमोरच्या बोधीवृक्षाचं मूळ कुजत होतं ते मला दिसलं नाही. रोज स्कूटीवरून समोरून जात होते की! पण आपल्या घरचं झाड कोण बघतं?

ते झाड रखमाआयनं आणलेलं. रखमाआय म्हणजे माझ्या सासऱ्यांची चुलती, पण अख्खी वाडी तिला आयच म्हणते. ऐंशी कधीच ओलांडली. महिला मंडळाबरोबर बोधगयेला गेली होती, तिथून रोप घेऊन आली. येताना गाडीत ते खाली ठेवलं नाही, मांडीवर घेऊन बसली. बायकांनी थट्टा केली, "आय, बाळंतपण झालं काय गं वाटेत?" तर म्हणाली, "व्हय, आनि पोरगा बापावर गेलाय." विहारासमोर तिच्याच हातानं ते लावलं. तेव्हापासून तिचं एकच म्हणणं, ह्याच्या सावलीला एकदा पाय पसरून बसले की माझं सगळं झालं.

आणि दुसरं एक सांगायला हवं. रखमाआय वाचते. म्हातारपणी साक्षरता वर्गात माझ्या सासूनं, केसरनं, तिला अक्षरं शिकवली आणि त्या दिवसापासून जगातली एक पाटी तिनं सोडली नाही. एसटीची पाटी, बिस्किटाचा पुडा, लग्नपत्रिका, भिंतीवरची सिमेंटची जाहिरात, सगळं मोठ्यानं, एकेक अक्षर धरून. जोडाक्षर आलं की थांबते, त्याला एक सणसणीत शिवी घालते आणि पुढे जाते. पोरं तिला मुद्दाम अवघड पाट्या दाखवतात. तीही मुद्दाम वाचते.

तर आमच्याकडे रविवारी वंदना झाली की प्रत्येकानं बोधीला तांब्याभर पाणी घालायचं, ही रीत आयनंच पाडली. कुणालाही अडवायचं नाही. तान्ह्या पोराचा हातसुद्धा तांब्याला लावून घ्यायचा. पाहुणा आला, पावणी आली, घाला पाणी. आय तर रविवारची वाटच बघत नसे, रोज सकाळी घरून तांब्या भरून आणायची. कुणाला खटकेल असं यात काही नव्हतं. पण गेल्या वर्षी अंगणाची माती ठोकून दगडासारखी केली, वर फरशी घातली, झाडाभोवती सिमेंटचा गोल कठडा बांधला, आतून छान गिलावा केला. झालं! त्या पाण्याला खाली जायला वाट नाही, बाजूला जायला वाट नाही. झाड टाकीत उभं.

थंडीत खालची पानं पिवळी पडायला लागली. माना टाकल्या. सगळे म्हणाले, तहानलंय. मग काय, वाडीची माया उतू गेली. ज्याचा एक तांब्या होता त्याचे दोन झाले. धर्माजीकाका, आमचे विहाराचे अध्यक्ष, त्यांनी तर बादलीनं सुरू केलं. आणि मी? मी त्या दिवसांत किहीमला कुणाच्या तरी लॉनसाठी रात्रंदिवस जीव काढत होते.

शेवटी आय स्वतः काठी टेकत माझ्या दारात आली. "जये, लोकांच्या झाडांना औषधं घालतेस, माज्या झाडाला काय झालं ते बघशील का गं बाय?" टोमणा नव्हता. पण मला लागलं. तशीच चप्पल घालून गेले.

कठड्यातली माती बोटानं उकरली आणि वासच आला. कुजलेल्या पेंढ्याचा, आंबूस. एक बारीक मूळ चिमटीत धरून ओढलं तर वरची साल मोज्यासारखी हातात आली, आत नुसता दोरा राहिला. मूळकूज. पुस्तकातल्या चित्रासारखी. मी तिथूनच ओरडले, "काका, झाड बुडतंय तुमचं!"

"अगं, सुकतंय म्हणून तर बादली..."

"सुकत नाहीये, गुदमरतंय! मुळांना हवा नको? तुम्हाला कमरेएवढ्या पाण्यात उभं केलं आणि तहान लागली असेल म्हणून वरून पाजत राहिलं तर?"

काका वयानं माझ्या वडिलांसारखे. मी सांगितलं ना, माझं तोंड वाईट आहे.

पण काम मी केलं, ते नीट केलं. माझ्या नवऱ्यानं, रत्नपालनं, कठड्याला तळाशी छिद्रं पाडली. काळी पाणथळ माती उपसून टाकली. कुजलेली मुळं कात्रीनं कापली, प्रत्येक कापाला कात्री पुसून. रेती मिसळून कोरडी माती भरली. मग लिटरला तीन ग्रॅम या हिशेबानं कॉपर ऑक्सिक्लोराईड कालवलं. निळसर हिरवं पाणी. हातात मोजे, तोंडाला फडकं. आय बाजूला खुर्ची टाकून बसलेली, डॉक्टरच्या केबिनबाहेर बसतात तशी.

"आता काय करतेस?"

"आळवणी करते, आय."

"आळवनी?" ती खुर्चीतून पुढे आली. "कुना देवाची? आपल्यात न्हाय ती!"

रत्नपाल हसून हसून खाली बसला. मी सांगितलं, बाई, मुळाशी औषध ओततात त्याला शेतकीत आळवणी म्हणतात, देवाचा काही संबंध नाही. तरी तिची खात्री झाली नाही. "बाबासाहेबांना चाललं असतं का?" म्हणाली. चाललं असतं, म्हटलं, ते शिकलेले होते. तेव्हा हसली. मग एकदम हळू आवाजात, "जगंल ना गं?"

"जगेल. पण मी सांगेपर्यंत पाण्याचा थेंब नको, आणि कुणाचा हात नको. मातीत औषध आहे. पंधरवड्यानं परत आळवणी करायची, तोवर कोरडं राहायला हवं."

"न्हाय घालत," आय म्हणाली.

रविवारी वंदनेनंतर मी सगळ्यांना उभं राहून सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली. पुढच्या गुरुवारी मी येऊन बघते तर माती ओली. नुसती दमट नाही, ओली! औषध धुऊन खाली गेलेलं, छिद्राखालच्या फरशीवर निळसर ओघळ. माझं डोकंच फिरलं. सांगितलेलं कळत नाही का माणसांना? बंगल्यातले कुत्रे ऐकतात, आमची माणसं ऐकत नाहीत! अंगणात उभी राहून मी हे मोठ्यानं म्हटलं. चार घरांच्या खिडक्यांतून ऐकू गेलं असणार.

आता बंगल्यांवर असं झालं की मी काय करते? पाटी लावते. फवारणी केली की पाटी, खत टाकलं की पाटी. लॉनवर चालू नये. फुले तोडू नयेत. तिकडची माणसं पाटीला घाबरतात, आणि माझ्या हाताला ती सवय लागलेली. डिकीत प्लायचा एक तुकडा होता, हाताएवढा. लाल रंग होता. पहिल्या ओळीत लिहिलं, "पाणी घालू नये." खाली "हात लावू नये" लिहायला घेतलं तर मावेना, पहिली ओळ रागात मोठी झाली होती. मग छोटा शब्द टाकला. आमच्याकडे रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. गरम तव्याला शिवू नको म्हणतो, रंग ओला आहे शिवू नको म्हणतो, पोरं शिवाशिवी खेळतात. मी लिहिलं, "शिवू नये." नीट मावलं. काठी ठोकून पाटी कठड्यात रोवली आणि कामाला गेले.

रविवारी वंदना झाली, लोक अंगणात आले. पाटी बघून बायका थबकल्या. मला आपलं वाटलं, बसला वचक! आय नेहमीसारखी तांब्या घेऊन पुढे आली. पाणी घालायला नव्हे, नुसता जवळ ठेवायला, तिची सवय. आणि पाटी दिसल्यावर आय वाचल्याशिवाय राहील का? काठीवर वाकली.

"पा... णी... घा... लू... न... ये." मग खालची ओळ. "शि... वू..."

तिथे जोडाक्षर नव्हतं, अडखळायला काही नव्हतं. तरी थांबली. "न... ये."

पोरं वाट बघत होती की आता आय काहीतरी म्हणेल आणि हसायला मिळेल. धर्माजीकाका खाकरले आणि विहाराच्या दाराकडे बघायला लागले. आय सरळ उभी राहिली, "बरं" म्हणाली, एवढंच. आणि मागे सरकत सरकत फरशीवरून खाली मातीत उतरली. तांब्या भरलेला तसाच घेऊन घरी गेली.

आणि मला, मला वाटलं, चला, समजलं एकदाचं म्हातारीला.

घरी आल्यावर सासू भाकरी थापत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुला दुसरा शब्द मिळाला नाही?"

"कुठला शब्द?"

"पाटीवरचा."

"अहो आई, हात लावू नये मावत नव्हतं."

तिनं भाकरी तव्यावर टाकली, हात धुतले आणि माझ्यासमोर येऊन बसली. सासू माझ्यावर ओरडते तेव्हा मला बरं असतं, मीही ओरडते. त्या दिवशी ती ओरडली नाही. म्हणाली, रखमाआयचं माहेर आतल्या बाजूला, डोंगराकडे. लहानपणी ती आईबरोबर पाण्याला जायची. विहिरीवर जायचं नाही, खाली लांब बसायचं. कुणाला दया आली तर वरून ओतायचे, भांड्याला भांडं न लावता. नाही आली तर ऊन डोक्यावर येईपर्यंत बसायचं. आणि येणारीजाणारी प्रत्येक बाई लांबूनच ओरडायची, शिवू नको गं, शिवू नको. "तिला तिच्या नावानं तिथं कुणी हाक मारलीच नाही," सासू म्हणाली. "तेवढंच ऐकत मोठी झाली. आणि मी तिला अक्षरं शिकवली ती तुझी पाटी वाचायला?"

दरवर्षी वीस मार्चला महाडला जाते मी. पांढरी साडी नेसून, चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरून ओंजळीत पाणी घेते, माझे डोळे भरून येतात, फोटो काढते. तीच मी. पाणी घालू नये, शिवू नये. दोन्ही ओळी, एका पाटीवर, एकाखाली एक, आणि वाचणारी रखमाआय! बाहेरच्या कुणी लिहिली असती तर मी अख्खी वाडी गोळा केली असती, पोलिसात गेले असते, घसा फुटेपर्यंत ओरडले असते. अगं, तुझी तूच लिहिलीस की!

धावत गेले. पाटी उपटली, पायाखाली घालून मोडली. अंगणात चारपाच जण होते. त्यांना कळलेलं होतं. मलाच एकटीला कळलं नव्हतं, शिकलेलीला.

तिथून आयच्या घरी. ओट्यावर चवळी निवडत बसली होती. मी तिच्या पायांशी बसले. ज्या तोंडाला कधी पट्टी लागली नाही ते तोंड मेलं नेमकं तेव्हा बंद पडलं. शेवटी म्हटलं, "आय, चुकलं गं. पाटी मोडून टाकली. मला मार."

"मारू कशाला?" आय म्हणाली. "तू औषधापायी लिवलंस. मला कळतंय की."

"मग तू तशी का गेलीस?"

"शब्दानं पाय मागं गेले. मी न्हाय गेले." थोडा वेळ चवळी निवडली. मग म्हणाली, "आनि पानी मीच घातलं व्हतं. पानं माना टाकून बसली, मला बघवंना. तुला सांगनार व्हते, पन तू अंगनात लई ओरडत व्हतीस."

बंगल्यातले कुत्रे ऐकतात! ती खिडकीत होती. मला जमीन दुभंगली तर बरं असं झालं.

"उद्या येतेस ना बोधीपाशी?" मी विचारलं.

"झाडाला बरं वाटूंदे आधी," ती म्हणाली.

ती रागावली असती तर मी मनवलं असतं. रागावलेल्या माणसाला मनवता येतं. ती रागावलीच नव्हती. पुढच्या रविवारी आली, विहाराच्या आत बसली, वंदना म्हटली, आणि बाहेर पडताना अंगणाच्या कडेकडेनं, मातीतून गेली. त्याच्या पुढच्या रविवारीही तसंच. मी हात धरून आणायचा प्रयत्न केला तर हात सोडवून घेतला, अगदी मायेनं. तिच्यामुळे बाकीच्या म्हाताऱ्याही कडेनं जायला लागल्या. कुणी ठरवलं नव्हतं.

आणि झाड? झाड सुधारत होतं. सुधारणारच, पाणी बंद, हात बंद. दुसरी आळवणी मी एकटीनं केली. तेव्हा शेजारी खुर्ची नव्हती, कुणी काही विचारलं नाही. काही दिवसांनी शेंड्याला टोकदार कोंब आला, मग तांबूस पालवी, एवढीशी, तळहातात मावेल अशी पानं, लकलकणारी. किहीमच्या बंगल्यावर असं झाड वाचवलं असतं तर मी फोटो काढून चार जणींना पाठवले असते. इथे मी पालवी बघायची आणि फोन पर्समध्येच राहायचा.

त्यात जयंती आली. आणि धर्माजीकाकांनी काय करावं? स्टेजवर बोलावून माझा सत्कार! "आपल्या वाडीची सून, हिच्या ज्ञानामुळे बोधी वाचला." शाल घातली, गुलाबाचं फूल दिलं. मी नको नको म्हणत होते तर लोकांना वाटलं नम्रपणा. टाळ्या. मागे शेवटच्या रांगेत आय होती, हात उंच करून टाळ्या वाजवत होती, खऱ्याखुऱ्या आनंदानं. तिचं झाड वाचलं होतं ना. ती शाल मला काढून फेकावीशी वाटली. पण स्टेजवर कुणी शाल फेकतं का? उभी राहिले, हसले, जय भीम म्हणून खाली उतरले.

जयंतीनंतर एका सकाळी मी कामाला जाता जाता विहारात थांबले. कठड्यातली माती बघितली, कोरडी, भुसभुशीत. आता थोडं थोडं पाणी सुरू करायला हरकत नव्हती. कधी, किती, ते सगळ्यांना सांगायचं होतं, आणि या खेपेला तोंडानं, हळू आवाजात. मागे काठीचा आवाज आला. आय. फरशीच्या कडेला, खाली मातीत उभी. हातात तांब्या नव्हता. पालवीकडे बघत होती, तोंडभर हसत होती.

"लाल लाल फुटलंय गं," म्हणाली.

"ये ना आय, जवळून बघ."

ती आली नाही. पदर सावरला, काठी या हातातून त्या हातात घेतली. आणि माझ्याकडे बघून, अगदी साध्या आवाजात, औषधाचं विचारावं तसं, म्हणाली, "जये, आता शिवलं तर चालंल का?"

टोमणा असता तर मी पाय धरले असते. टोमणा नव्हता. खरंच विचारत होती. ऐंशीच्या पुढची बाई, मांडीवर झाड घेऊन आलेली, मातीत उभी राहून मला विचारत होती. मला एवढी घाई झाली, एवढी घाई झाली की ती वर यावी, हात लावावा, सगळं पुसलं जावं.

"चालेल, आय! चालेल की!" मी म्हटलं.

तिनं मान हलवली, पायरी चढली, आली आणि दोन बोटांनी पान धरलं. खूश झाली. मी शेजारी उभी होते, आणि माझ्याच कानात माझा आवाज तेव्हा कुठे पोचला. तिनं तिच्या झाडाला शिवायची परवानगी मागितली, आणि मी ती दिली.